फाइलवर दिसणारी वेळ नेमकी कुठली?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. टोकियोतील कार्यालयात १५ जानेवारी २०२४ रोजी रात्री ९ वाजून १४ मिनिटांनी एक अहवाल जतन केला. न्यूयॉर्कमधील सहकाऱ्याने तो कंपनीच्या सामायिक सर्व्हरवर पाहिला, तेव्हा त्याला फाइलची वेळ त्याच दिवशी सकाळी ७ वाजून १४ मिनिटे अशी दिसली. ईमेलने पाठवलेली झिप त्याने त्याच दिवशी दुपारी उघडली, तर आतील फाइलवर रात्री ९ वाजून १४ मिनिटे, म्हणजे त्याच्याकडे अद्याप न आलेली वेळ होती. पुढे पेन ड्राइव्हवरून नेलेल्या प्रतीवरही त्याला रात्रीचे ९ वाजून १४ मिनिटेच दिसले. तिन्ही प्रती एकाच फाइलच्या आहेत. मग खरी वेळ कोणती आणि फाइलमध्ये वेळ कोणत्या टाइमझोनची साठवली जाते, असे आपण विचारले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. फोल्डरमध्ये नावासमोर दिसणारी वेळ फाइलच्या आत नसते. ती फाइल सिस्टिमने, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेने, आपल्या नोंदवहीत ठेवलेली असते. फाइलचे नाव, तिचा आकार आणि डिस्कवरील तिची जागा जिथे लिहिलेली असते, तिथेच किंवा त्याच्या शेजारी. त्यामुळे ‘फाइलमध्ये कोणता टाइमझोन असतो’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. फाइल ज्या डिस्कवर किंवा झिपसारख्या ज्या आर्काइव्हमध्ये (फाइलींच्या गठ्ठ्यात) आहे, तिथली नोंदवही वेळ कशी लिहिते यावर ते ठरते आणि प्रत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेली की वहीही बदलते.

या वह्या दोन जातींच्या आहेत. पहिल्या जातीची वही क्षण लिहून ठेवते. क्षण म्हणजे पृथ्वीवर सर्वांसाठी एकच असलेली गोष्ट. टोकियोत रात्री सव्वानऊच्या सुमारास जे घडले तेच न्यूयॉर्कमध्ये सकाळी सव्वासातच्या सुमारास घडले. दुसऱ्या जातीची वही केवळ भिंतीवरच्या घड्याळात काय दिसत होते ते उतरवून घेते. मात्र ती भिंत कोणत्या गावातली होती हे लिहीत नाही. आपण पाहिलेला सारा घोळ या दुसऱ्या जातीच्या वहीमुळे झाला आहे. माझ्या कामात टाइमझोनविषयीच्या ज्या तक्रारी येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ समोरच्या वेळेची जात न ओळखण्यात असते.

पहिली जात आधी पाहू. लिनक्स आणि एकूणच युनिक्स परंपरेतील फाइल सिस्टिम १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसीनुसार (जगभरच्या घड्याळांसाठी आधार असलेल्या प्रमाणवेळेनुसार), किती सेकंद उलटले तो आकडा साठवतात. आपला अहवाल यूटीसीप्रमाणे दुपारी १२ वाजून १४ मिनिटे ३५ सेकंदांनी जतन झाला असे धरले, तर तो आकडा १७०५३२०८७५ असा येतो. या आकड्यात टोकियो नाही, न्यूयॉर्क नाही आणि खरे म्हणजे तारीखही नाही. आहे ते फक्त मोजलेले अंतर. विंडोजमधील एनटीएफएस हेच निराळ्या मापाने करते: तिथे मोजणी १ जानेवारी १६०१ पासून सुरू होते आणि एकक सेकंदाचा एक कोटीवा भाग, म्हणजे १०० नॅनोसेकंद, असते. तोच क्षण तिथे १३३४९७९४४७५००००००० असा लिहिला जातो. १६०१ हे वर्ष विचित्र वाटते, पण ग्रेगोरियन पंचांगाचे लीप वर्षांचे चक्र ४०० वर्षांचे आहे आणि विंडोजची रचना झाली तेव्हा चालू असलेले चक्र १६०१ मध्ये सुरू झाले होते. दोन्ही आरंभबिंदूंमध्ये ११६४४४७३६०० सेकंदांचे अंतर आहे. एकक सारखे करून ते मिळवले किंवा वजा केले की एका पद्धतीचा आकडा दुसरीत येतो, टाइमझोनचा संबंध कुठेच येत नाही.

मॅकवरील आजची एपीएफएस १९७० पासूनचे नॅनोसेकंद मोजते. तिच्याआधीची एचएफएस प्लस १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद ग्रिनिच वेळेनुसार मोजत असे, पण तिच्याही आधीची मूळ एचएफएस मात्र स्थानिक वेळ लिहीत असे. एका कुटुंबातील पिढ्यासुद्धा एका जातीच्या नसतात.

क्षण साठवणाऱ्या या व्यवस्थेत टाइमझोन येतो तो केवळ दाखवताना. फाइलची यादी मागवली की संगणक साठवलेला आकडा उचलतो, पाहणाऱ्याच्या संगणकावर कोणता टाइमझोन लावला आहे ते बघतो आणि त्याप्रमाणे तारीख-वेळ तयार करतो. सर्व्हरवरील प्रतीच्या बाबतीत हेच झाले. सर्व्हरने नेटवर्कवरून क्षण पाठवला. टोकियोच्या संगणकाने त्यात ९ तास मिळवले, न्यूयॉर्कच्या संगणकाने जानेवारीतील नियमाप्रमाणे ५ तास वजा केले. रात्रीचे ९:१४ आणि सकाळचे ७:१४ ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि ती एकच गोष्ट सांगतात. याची खात्री करायची असेल तर लिनक्सवर टीझेड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला (प्रोग्राम वाचतात त्या सेटिंगला) वेगवेगळे टाइमझोन देऊन तीच यादी दोनदा मागवून पाहावी. डिस्कवरचा एक बिटही न हलता वेळा बदललेल्या दिसतात.

आता दुसरी जात, आणि इथे थोडे थांबावे लागेल. पेन ड्राइव्हवर आणि जुन्या मेमरी कार्डांवर असलेली फॅट ही फाइल सिस्टिम विंडोजपूर्वीच्या डॉस या कार्यप्रणालीच्या काळातली आहे. ती वेळेसाठी १६ आणि तारखेसाठी १६, असे एकूण ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ लिहिण्याच्या जागा, वापरते. तारखेत वर्षाला ७ बिट, महिन्याला ४ आणि दिवसाला ५ असतात. वर्ष १९८० पासून मोजले जाते, म्हणून २०२४ हे तिथे ४४ असे लिहिले जाते आणि २१०७ नंतर जागाच उरत नाही. वेळेत तासांना ५ बिट, मिनिटांना ६ आणि सेकंदांना उरलेले ५ मिळतात. पाच बिटांत ३१ च्या पुढे मोजता येत नाही, पण मिनिटात सेकंद तर ६० असतात. म्हणून फॅट सेकंदांचे निम्मे लिहिते आणि शेवटच्या बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांनी पुढे जाते. आपल्या अहवालाचा ३५ वा सेकंद तिथे मावत नाही. तो ३४ किंवा ३६ होतो. शेवटचे वाचन केव्हा झाले याची तर फॅट फक्त तारीख ठेवते, वेळ ठेवतच नाही.

सोळा आणि सोळा बिटांचा हा हिशेब पूर्ण भरलेला आहे. टाइमझोनसाठी एकही बिट शिल्लक नाही. त्यामुळे पेन ड्राइव्हवर लिहिले गेले ते इतकेच: वर्ष ४४, महिना १, दिवस १५, तास २१, मिनिटे १४, अर्धे सेकंद १७. हा पेन ड्राइव्ह न्यूयॉर्कला पोहोचला. तिथल्या संगणकाने २१:१४ वाचले आणि दुसरी काही माहिती नसल्यामुळे ही न्यूयॉर्कचीच वेळ आहे असे गृहीत धरले. न्यूयॉर्कमध्ये १५ जानेवारीला रात्रीचे ९:१४ वाजतात तेव्हा यूटीसीप्रमाणे १६ जानेवारीचे २:१४ झालेले असतात. म्हणजे खऱ्या क्षणापेक्षा पूर्ण १४ तास उशिराचा क्षण.

फाइल पेन ड्राइव्हवर आहे तोवर हे १४ तास केवळ समजुतीतले आहेत. पेन ड्राइव्ह पुन्हा टोकियोत आणला की वाचन पुन्हा बरोबर येते. परंतु न्यूयॉर्कमध्ये ती फाइल पेन ड्राइव्हवरून एनटीएफएसच्या डिस्कवर उतरवली गेली, की संगणक त्या समजुतीचे क्षणात रूपांतर करतो आणि तो चुकीचा क्षण कायमचा नोंदवतो. त्यानंतर ती फाइल सर्व्हरवरून टोकियोत पाहिली तर तिची वेळ १६ जानेवारी सकाळी ११:१४ अशी दिसेल. आता ही चूक फाइलच्या नोंदीतच मुरली आणि पुढच्या प्रत्येक व्यवस्थित साधनातून ती व्यवस्थितपणे पुढे जात राहील. वाचनातली चूक आणि मुरलेली चूक यांतला हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पहिलीला काहीच करावे लागत नाही आणि दुसरीला बरेच करावे लागते.

झिपची कथा फॅटचीच आहे, कारण झिपने वेळ लिहिण्याची पद्धत डॉसकडून जशीच्या तशी उचलली. तेच ३२ बिट, तीच दोन सेकंदांची पायरी आणि टाइमझोनचा तोच अभाव. पुढे या उणिवेवर उपाय म्हणून झिपमध्ये अतिरिक्त नोंदी जोडण्याची सोय झाली. त्यांपैकी एकीत युनिक्स पद्धतीचे सेकंद असतात, दुसरीत एनटीएफएसचा आकडा. पण त्या नोंदी लिहायच्या की नाही हे झिप बनवणाऱ्या प्रोग्रामवर आणि वाचायच्या की नाही हे उघडणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून आहे. म्हणून एकच झिप दोन प्रोग्रामनी उघडली तर आतील फाइलींना दोन वेगळ्या वेळा मिळतात आणि दोन्ही प्रोग्राम आपापल्या परीने नियमातच असतात. आपल्या सहकाऱ्याला ‘भविष्यातली’ फाइल दिसली ती यामुळेच. टार या आर्काइव्हमध्ये ही अडचण नाही, कारण तिथे १९७० पासूनचे सेकंदच लिहिले जातात. सेव्हन-झिपच्या स्वतःच्या स्वरूपातही विंडोजचा यूटीसी आकडा असतो. देशोदेशी फाइली पाठवायच्या असतील आणि त्यांच्या वेळांना काही महत्त्व असेल, तर साध्या झिपपेक्षा मी हेच दोन पर्याय सुचवतो.

फॅटचा वारसा पुढे चालवणाऱ्या एक्सफॅटने मात्र या चुकीवर चांगला तोडगा काढला, आणि तो कमी लोकांना माहीत आहे. ३२ जीबीपेक्षा मोठ्या एसडी कार्डांसाठी जी फाइल सिस्टिम ठरवली आहे ती हीच. तिच्यात घड्याळातील वेळेच्या जोडीला एक बाइट असतो: त्यातील सात बिटांत यूटीसीपासूनचे अंतर पाव-पाव तासांच्या मापाने लिहिलेले असते आणि उरलेला एक बिट हे अंतर ग्राह्य आहे की नाही ते सांगतो. टोकियोसाठी ते ३६, न्यूयॉर्कच्या हिवाळ्यासाठी उणे २०, भारतासाठी २२, तर नेपाळचे पावणेसहा तास असल्यामुळे तिथे २३. माप पाव तासाचे का निवडले, हे नेपाळच्या उदाहरणावरूनच उघड होते. घड्याळात काय दिसत होते आणि तो क्षण कोणता होता, ही दोन्ही उत्तरे या रचनेत मिळतात. अडचण एवढीच की ‘ग्राह्य’ हा बिट लावणे उपकरणाच्या हाती असते. ज्या कॅमेऱ्याला आपला टाइमझोनच माहीत नाही, तो हा बिट कोरा सोडतो आणि आपण पुन्हा फॅटच्या जमान्यात जाऊन पोहोचतो.

छायाचित्रांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. छायाचित्राच्या फाइलमध्ये, म्हणजे या वेळी खरोखरच फाइलच्या आत, एक्झिफ नावाच्या भागात टिपल्याची वेळ लिहिलेली असते आणि ती फाइल सिस्टिमच्या नोंदीपासून स्वतंत्र असते. तीही निव्वळ घड्याळी वेळ आहे. टाइमझोनचे अंतर लिहिण्यासाठी अधिकृत जागा एक्झिफच्या २.३१ या आवृत्तीत, २०१६ साली, प्रथमच मिळाली. त्याआधीच्या चित्रांत ती असण्याचा प्रश्नच नाही. एमपी४ चित्रफितींची स्थिती उलटी आहे: तिथे १९०४ पासूनचे सेकंद यूटीसीत लिहावेत असा नियम आहे, पण अनेक कॅमेरे त्या जागी बिनदिक्कत स्थानिक वेळ भरतात. एकाच कॅमेऱ्याने एकाच क्षणी टिपलेले छायाचित्र आणि चित्रफीत यांचा क्रम अल्बममध्ये काही तासांनी विस्कटतो तो यामुळे.

यानंतर उन्हाळी वेळ. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात, आणि फाइलींच्या बाबतीत हा एक तास चौदा तासांपेक्षा जास्त त्रास देतो, कारण मोठी चूक चटकन डोळ्यांत भरते आणि एका तासाची चूक वर्षभर खपून जाते. काही वर्षांपूर्वी लंडनमधील एका कार्यालयाचे बॅकअप मी पाहत असे. तेथील मूळ फाइली एनटीएफएसवर होत्या आणि बॅकअप फॅटच्या बाह्य डिस्कवर जात असे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे गेली आणि सोमवारी पहाटे बॅकअपने एकही फाइल बदललेली नसताना साऱ्या फाइली पुन्हा कॉपी करायला घेतल्या. सकाळपर्यंत तर काम अर्ध्यावरही आले नव्हते.

कारण साधे होते. जुलैत दुपारी ३ वाजता बदललेली फाइल एनटीएफएसवर यूटीसीप्रमाणे १४:०० अशी नोंदली गेली; फॅटवर ती घड्याळाप्रमाणे १५:०० अशी लिहिली गेली. उन्हाळ्यात वाचताना संगणक १५:०० मधून एक तास वजा करी, दोन्ही नोंदी जुळत आणि बॅकअप पुढे जाई. घड्याळे मागे गेल्यावर संगणक फॅटवरील सर्व वेळांना आजचे, म्हणजे शून्य तासांचे अंतर लावू लागला. फाइल जुलैतली आहे, तेव्हा त्या वेळी लागू असलेला नियम लावावा, हे तो पाहत नाही. फॅटवरचे १५:०० आता यूटीसीचेही १५:०० झाले, मूळ फाइल १४:०० वरच राहिली आणि बॅकअपच्या दृष्टीने सगळ्याच फाइली वेगळ्या ठरल्या. विंडोजच्या रोबोकॉपी या फाइली कॉपी करण्याच्या साधनामध्ये नेमक्या एका तासाचा फरक दुर्लक्षिण्याचा डीएसटी हा आणि दोन सेकंदांचा फरक दुर्लक्षिण्याचा एफएफटी हा, असे दोन पर्याय दिलेले आहेत ते याच अनुभवातून. आरसिंक या तशाच साधनामध्ये मॉडिफाय-विंडो हा पर्याय सेकंदांच्या फरकासाठी आहे. आम्ही तेव्हा पर्याय लावले खरे, पण महिन्याभरात ती डिस्कच एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली, आणि माझ्या मते योग्य उपाय तोच होता.

‘आजचे अंतर की त्या दिवशीचे अंतर’ हा पेच केवळ फॅटपुरता नाही. विंडोजमध्ये क्षणाचे स्थानिक वेळेत रूपांतर करण्याच्या दोन रीती आहेत: एक आज लागू असलेले अंतर सरसकट सर्व तारखांना लावते, दुसरी त्या-त्या तारखेचा नियम पाहते. फोल्डर दाखवणारा विंडोजचा जुना एक्सप्लोरर पहिल्या रीतीने चाले, म्हणून उन्हाळ्यात ३ वाजता जतन केलेली फाइल हिवाळ्यात २ वाजताची दिसे. विंडोज ७ पासून एक्सप्लोरर दुसऱ्या रीतीने चालतो. जुन्या रीतीने लिहिलेले प्रोग्राम आजही वापरात आहेत, तेव्हा एकाच संगणकावर दोन खिडक्यांत एका तासाचा फरक दिसला तर घाबरण्याचे कारण नाही; आतील आकडा एकच असतो.

उन्हाळी वेळेचा आणखी एक पैलू घड्याळी वेळ साठवण्याची पद्धतच मुळात अपुरी असल्याचे दाखवतो. लंडनमध्ये २९ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे १:३० हे दोनदा वाजले, एकदा घड्याळे मागे घेण्यापूर्वी आणि एकदा नंतर. तर २६ मार्च २०२३ रोजी १:३० वाजलेच नाहीत. सामोआने तर २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलताना ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला. गाव माहीत असूनही ‘पहाटे १:३०’ या नोंदीवरून क्षण निश्चित करता येत नाही, अशी ही उदाहरणे आहेत.

कोणत्या गावी कोणत्या तारखेला किती अंतर लागू होते, हे संगणकाला कळते ते टाइमझोनच्या माहितीसंचातून. बहुतेक बिगर-विंडोज यंत्रणा जो संच वापरतात तो आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केला आणि २०११ पासून तो इंटरनेटवरील सामायिक नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या इआना या संस्थेच्या छत्राखाली आहे. हे नियम सरकारे बदलत असतात: तुर्कस्तानने २०१६ मध्ये वर्षभर एकच वेळ स्वीकारली, ब्राझीलने २०१९ मध्ये उन्हाळी वेळ बंद केली, मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतांश भागात ती थांबवली, तर इजिप्तने २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. माहितीसंच अद्ययावत नसलेला संगणक अशा वेळी चुकीचा तास दाखवतो, मात्र साठवलेला क्षण शाबूत राहतो आणि अपडेट झाल्यावर जुन्या फाइलींच्या वेळाही आपोआप सुधारतात. अशीच सुधारणा घड्याळ हाताने पुढे-मागे केल्यास होत नाही. प्रवासात लॅपटॉपचा टाइमझोन न बदलता नुसते काटे फिरवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. पडद्यावर तर सारे ठीक दिसते, पण त्या संगणकाच्या समजुतीतली यूटीसीच तितके तास सरकलेली असते आणि त्या काळात जतन झालेली प्रत्येक फाइल चुकीचा क्षण घेऊन जन्माला येते. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की असेच होते, कारण मदरबोर्डवरील घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचे मानते आणि लिनक्स सहसा यूटीसीचे.

चुकीचा माग काढताना मी आधी वजाबाकी करतो. दोन नोंदींतील फरक नेमका एका तासाचा असेल तर उन्हाळी वेळ तपासावी. तो दोन गावांतील अंतराइतका असेल तर कुठेतरी घड्याळी वेळ दुसऱ्या गावाची समजून वाचली गेली आहे. गावाच्या स्वतःच्या अंतराइतका असेल तर यूटीसी आणि स्थानिक वेळ यांची गल्लत आहे, आणि त्याच्या दुप्पट, उदाहरणार्थ टोकियोत १८ तास, असेल तर मिळवायचे तिथे वजा केले गेले आहे. फरक दोन सेकंदांच्या आत असेल तर तो फॅट किंवा झिपचा ठसा. ७ मिनिटे ४२ सेकंद असा ओबडधोबड फरक टाइमझोनमुळे सहसा येत नाही. तिथे घड्याळच चुकलेले असते. यालाही एक गमतीदार अपवाद आहे. न्यूयॉर्कच्या वेळेत ४ मिनिटांचा फरक पडला, तर मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील, टाइमझोन हाताळणाऱ्या पायटीझेड या लायब्ररीचा वापर तपासतो. ती चुकीच्या रीतीने वापरली की प्रमाणवेळ लागू होण्यापूर्वीची जुनी स्थानिक वेळ लागते, आणि न्यूयॉर्कसाठी ते अंतर उणे ५ तासांऐवजी उणे ४ तास ५६ मिनिटे होते.

सर्व काही यूटीसीत ठेवले की प्रश्न मिटला, असे मात्र मी म्हणणार नाही. यूटीसीचा आकडा क्षण अचूक सांगतो, पण लिहिणाऱ्याच्या घड्याळात तेव्हा काय वाजले होते हे तो सांगू शकत नाही. अहवाल कार्यालयीन वेळेत जतन झाला की नंतर, किंवा मुदतीच्या तारखेला झाला की दुसऱ्या दिवशी, हा वाद असेल तर एनटीएफएसची नोंद एकटी पुरत नाही. प्रोग्रामरांनी केलेले बदल नोंदवणारे गिट हे साधन प्रत्येक कमिटसोबत, म्हणजे बदलांच्या प्रत्येक नोंदीसोबत, सेकंदांचा आकडा आणि लेखकाच्या संगणकाचे यूटीसीपासूनचे अंतर असे दोन्ही लिहिते, ते मला सर्वांत समंजस वाटते. गंमत म्हणजे तेच गिट फाइलींच्या बदलाच्या वेळा मात्र मुळीच जपत नाही आणि चेकआउट केलेल्या, म्हणजे गिटमधून काढून घेतलेल्या, फाइलींना त्या क्षणाचीच वेळ मिळते.

आता आपल्या सहकाऱ्याकडील प्रतींविषयी. सर्व्हरवरील प्रत बरोबर आहे, तिला हात लावू नये. झिपमधून काढलेल्या प्रती टाकून देऊन सर्व्हरवरून पुन्हा घेणे सर्वांत सोपे. पेन ड्राइव्हवरून उतरवलेल्या आणि सर्व्हरवर नसलेल्या फाइली तेवढ्या दुरुस्त कराव्या लागतील, आणि तिथे सर्वांच्या बदलाच्या वेळेतून सरसकट १४ तास वजा करण्याचा मोह होईल. तसे करू नये. वर सांगितल्याप्रमाणे फॅटवरील वेळ वाचताना संगणक उतरवण्याच्या दिवशीचे अंतर लावतो, फाइलच्या तारखेचे नव्हे. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ रोजी उन्हाळी वेळ सुरू झाली. त्यापूर्वीच्या हिवाळ्यात उतरवलेल्या फाइली १४ तास पुढे गेल्या असतील, त्यानंतर उन्हाळ्यात उतरवलेल्या १३ तास, मग त्या फाइली मुळात कोणत्याही महिन्यात लिहिलेल्या असोत.

कोणती फाइल केव्हा उतरवली हे आता कसे कळणार, असे आपण विचाराल. साध्या कॉपी-पेस्टमध्ये विंडोज बदलाची वेळ जुनी ठेवते, पण निर्मितीची वेळ नवी लावते, आणि ती प्रत तयार झाली त्या क्षणाची असते. त्यामुळेच अनेक फाइली ‘निर्मितीपूर्वीच बदललेल्या’ दिसतात आणि लोक त्याला बिघाड समजतात. सहकाऱ्याला फोल्डरमध्ये निर्मितीच्या तारखेचा स्तंभ दाखवायला सांगून त्यानुसार फाइली लावून घ्यायला सांगावे. यादी १० मार्चला जिथे दुभंगेल, तिच्या वरच्या-खालच्या भागांना वेगवेगळे तास वजा करावेत. हे काम आधी प्रतींवर करावे, मात्र त्या प्रती निर्मितीची वेळही सोबत नेणाऱ्या साधनाने काढाव्यात, नाहीतर जिच्या आधारे वाटणी करायची तीच नोंद पुसली जाईल.